बास्केटबॉल रेफरी व्हायचंय? आधी टेबलावर बसा

पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या की आमच्या जिल्ह्यात दरवर्षी तीच रड, टीम भरपूर, ग्राउंड तयार, पण रेफरी मोजून चार-पाच. मग तीच माणसं सकाळपासून एकामागून एक मॅच काढतात आणि शेवटच्या मॅचच्या पोरांच्या वाट्याला पाय ओढणारा रेफरी येतो, मला ते बघवत नाही. म्हणून ज्यांना मनापासून यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नॅशनल खेळलेलं असलंच पाहिजे असं अजिबात नाही. 28 मीटरच्या कोर्टवर चाळीस मिनिटं धावायचा दम हवा आणि नियम वाचायची आवड हवी. फिबाचं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं रूल बुक त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या, पण अख्खं पाठ करत बसू नका, आधी टेबलावर जा.

टेबल म्हणजे स्कोअरर, टायमर आणि 24 सेकंदवाला, म्हणजे टीमला बास्केटवर बॉल टाकायला मिळणाऱ्या 24 सेकंदांचं घड्याळ चालवणारा, बसतो ते. आपल्या जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघटनेच्या सेक्रेटरींना किंवा शाळेच्या क्रीडा शिक्षकांना जाऊन सरळ सांगा की सर मला टेबलला बसवा, माणसं कमीच असतात त्यामुळे नाही कुणी म्हणत नाही. एक सीझन स्कोअरशीट लिहिलीत की निम्मे नियम हातातून डोक्यात जातात. बास्केट झाली की टीमच्या एकूण पॉइंटच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, तीन पॉइंटच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल भरले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो, पण ज्यांच्याकडे बॉल होता त्यांनीच फाऊल केला असेल तर फ्री थ्रो नाही, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये चौथ्या क्वार्टरचे टीम फाऊल पुढे चालूच राहतात. या शेवटच्या गोष्टीवरून मी कितीतरी वाद झालेले बघितलेत.

आता शिट्टी. आत दाणा नसलेली घ्या. 1984 साली ब्राझीलमध्ये ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या रेफरीची शिट्टी दाणा अडकून ऐन वेळी वाजलीच नाही, त्यानंतर त्यांनी बिनदाण्याची फॉक्स 40 बनवली, आज बहुतेक रेफरींच्या गळ्यात तसलीच असते. काळी फुल पँट, काळे मोजे, काळे शूज, पँटला इस्त्री. कोर्टवर येताना माणूस नीटनेटका दिसला की कोच पण नीट बोलतात, हा माझा अनुभव आहे.

पण खरं शिकायचंय ते बघायला. दोन रेफरी असले की एक बास्केटखाली बेसलाइनला, तो लीड, आणि दुसरा खेळाच्या मागे, तो ट्रेल. दोघांनीही बॉलच बघितला तर खाली पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ चाललेली ढकलाढकली कोण बघणार? आपापला भाग वाटून घ्या आणि तो सोडू नका. दुसरं म्हणजे नजर डिफेंडरवर ठेवा. तो समोर तोंड करून दोन्ही पाय टेकवून आधी त्या जागेवर आला होता का, हात सरळ वर होते का, उडी जागच्या जागी मारली का, एवढं दिसलं असेल तर धडक झाल्यावर शंका राहत नाही. मी सुरुवातीला बॉलच्या मागे बघायचो, धडक झाली की आवाजावरून शिट्टी मारायचो, आणि एका अंडर-14 च्या मॅचमध्ये असा एका मुलीला पाचवा फाऊल दिला जो तिचा नव्हता, आणि पाच झाले की खेळाडू मॅचबाहेर. ती बाकावर बसून रडत होती, ते अजून आठवतं. तेव्हापासून बघितलं नसेल तर वाजवायचं नाही हे मी पक्कं धरलंय.

फाऊल असेल तर मूठ वर, ट्रॅव्हलिंगसारखं (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं) व्हायोलेशन, म्हणजे धक्का न लागता झालेला नियमभंग असेल तर उघडा पंजा वर. मग टेबलसमोर येऊन थांबायचं, आधी नंबर, मग फाऊल कसला, मग किती फ्री थ्रो किंवा कुठल्या दिशेला बॉल. पळता पळता हात हलवू नका, स्कोअरर लिहितोय ना हे बघा. हे घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं करा.

आपल्याकडे बरीच कोर्ट उघडी, सिमेंटची, त्यामुळे मॅचच्या वीस मिनिटं आधी पोचा आणि स्वतः चालून बघा. ओलं असेल तर सुरू करू नका, कोणी कितीही घाई केली तरी. कोच बाहेरून सर तीन सेकंद, सर तीन सेकंद (समोरचा खेळाडू बास्केटखालच्या चौकोनात जास्त वेळ थांबला म्हणून) ओरडणारच, शांतपणे विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या, बोलणं हद्दीबाहेर गेलं तर एकदा समज द्या, तरी थांबत नसेल तर टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाऊल द्यायला कचरू नका, समोर लहान पोरं बघत असतात.

वीस-पंचवीस मॅच झाल्या की संघटनेच्या रेफरी क्लिनिकची चौकशी करा, तिथे लेखी परीक्षा होते, प्रत्यक्ष मॅच देतात आणि पळवतात पण, त्यामुळे 20 मीटरच्या शटल रनची (दोन रेघांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा धावायची) सवय आधीच लावा. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय असा रस्ता आहे, आपल्या स्नेहल बेंडके याच कामात फिबाच्या आंतरराष्ट्रीय पंच झाल्या, मुलींनी तर जरूर यावं.

मॅच संपली की स्कोअरशीट वरपासून खालपर्यंत तपासा आणि मगच सही करा. नंतर सोबतच्या सीनियरला त्या दिवसाचे दोन प्रसंग विचारा, तिथे तुम्ही काय दिलं असतं म्हणून, आणि घरी गेल्यावर तो नियम पुस्तकात काढून वाचा.