राख उडते त्या गावानं काय मोजावं, काय लावावं

बीड जिल्ह्यातल्या परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रात, २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. भारतातल्या दगडी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे टनभर कोळसा जळला की तीन-चार क्विंटल राख उरते. ही राख पाण्यासोबत ज्या तळ्यात सोडतात ते राखतळं ओलं असेपर्यंत ती दबून राहते. उन्हाळ्यात काठ सुकतो, वरचा पापुद्रा हायवांच्या, म्हणजे राख वाहणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या, चाकांखाली फुटतो आणि वारा सुटला की राख पिकावर, वाळवणावर, माणसांच्या छातीत जाते. ‘लई राख येते’ एवढ्यावर कुठलं कार्यालय हलत नाही. किती, कुठं आणि कोणत्या महिन्यात, हे गावानं वजनानं सांगावं.

बादलीची मोजणी

एकाच मापाच्या, सरळ भिंतीच्या तीन प्लास्टिकच्या बादल्या घ्या. तोंडाचा व्यास २८ सेंटीमीटर धरू. एक राखेच्या रस्त्यालगत, दुसरी गावात, तिसरी दोन-तीन किलोमीटरवर, जिकडून वारा येतो त्या बाजूला. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची. उन्हाळ्यात आपली काळी मातीही उडते. स्वच्छ बाजूचा आकडा नसेल तर समोरचा माणूस सगळी राख मातीच्या नावावर टाकतो.

बादली जमिनीपासून दोन मीटर उंच खांबावर बांधा. खाली ठेवली तर अंगणातला केर येतो. झाड, चूल, मळणीयंत्र जवळ नको. आत पाच लिटर गाळलेलं पाणी आणि चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर शेवाळ धरून वजन वाढतं. हे पाणी विषारी असतं, म्हणून काठाला बाभळीचे काटे बांधा, वर तसं लिहा आणि पाखरांसाठी थोड्या अंतरावर चांगल्या पाण्याचं पसरट भांडं ठेवा. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. दर चार दिवसांनी भर घाला. कोरड्या बादलीतली राख पुन्हा वाऱ्यावर जाते.

तीस दिवसांनी पानं आणि किडे चिमट्यानं काढा, भिंती ब्रशनं धुऊन घ्या आणि सगळं पाणी आधी वाळवून वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर वाळवा. नुसत्या उन्हात ओल राहते. वजनाला सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा चालतो. बादलीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०६१६ चौरस मीटर. कागदावर १.८५ ग्रॅम भरले तर १.८५ भागिले ०.०६१६, म्हणजे चौरस मीटरला महिन्याला ३० ग्रॅम.

ती राखच आहे का, हे शाळेच्या ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. उडणाऱ्या राखेचे बरेच कण काचेच्या मण्यांसारखे गोल दिसतात, मातीचे कोनेदार. चुंबकाची परीक्षा इथं फसवी: राखेत लोहाचे कण असतात, तसे बेसाल्ट या काळ्या खडकापासून झालेल्या आपल्या मातीतही असतात.

विहिरीचं पाणी

तळ्याच्या उताराकडची एक आणि चढाकडची एक विहीर निवडा. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा नमुना घ्या. मोटार दहा मिनिटं चालवून मगच बाटली भरा. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा, तिच्यात नायट्रिक आम्ल लागतं; त्याशिवाय धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, सेलेनियम, बोरॉन आणि सल्फेट नाव घेऊन मागा. ग्रामपंचायतीच्या साध्या पाणी-तपासणी संचात यातलं बहुतेक कळत नाही. पिण्याच्या पाण्याला आर्सेनिक आणि शिशाची मर्यादा लिटरला प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम आहे, क्रोमियमची ०.०५. उकळून धातू जात नाहीत, उलट दाट होतात. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघालं तर लगेच राखेला दोष देऊ नका. फ्लोराइड खडकातूनही येतं, नायट्रेट खतातून आणि उकिरड्यातून.

मोसंबीला जास्त बोरॉन सोसत नाही. जुन्या पानांची टोकं जळतात. पण खारट पाण्यानंही असंच होतं, म्हणून पानाची तपासणी करूनच बोला.

झाडांचा पट्टा

तळ्याच्या बांधावर झाड लावू नका. मुळांच्या वाटेनं पाणी झिरपतं आणि बांध खचतो. पट्टा तळं आणि गाव यांच्या मध्ये, मातीच्या जमिनीवर घ्या. राखेकडच्या बाजूला घायपात आणि मारवेल गवत, मग शेवरी, मग बाभूळ, करंज, कडुनिंब तीन-तीन मीटरवर, आडव्या-तिरक्या ओळींत. पट्टा भिंतीसारखा गच्च झाला तर वारा वरून उडी मारून पलीकडे आदळतो. अर्धा वारा आरपार जाऊ द्या. उंचीच्या दहापटीपर्यंत आडोसा मिळतो.

राखेतच लावायची वेळ आली तर ६० सेंटीमीटरचे खड्डे एप्रिलमध्येच काढा आणि दोन भाग तलावाचा गाळ, एक भाग शेणखत भरा. राखेत नत्र जवळजवळ नसतं आणि ती सिमेंटसारखी घट्ट धरते, म्हणून नुसतं रोप खोचलं की पहिल्याच उन्हाळ्यात जातं. राखेवरच्या गवतात जनावरं सोडू नका, तिथला तांदुळजा किंवा घोळ खुडू नका. फळझाडंही नकोत.

सगळे आकडे तारखेसह ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला देऊन पोच घ्या. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात पर्यावरणाचा वाद साधारण सहा महिन्यांत न्यावा लागतो, भरपाईची मागणी पाच वर्षांत. मुदत वादाचं कारण प्रथम घडलं त्या दिवसापासून मोजतात, म्हणून नोंदवहीतली पहिली तारीख खाडाखोड न करता जपून ठेवा.