लोकांच्या साड्यांच्या गोधड्या शिवून देताना

गोधडीच्या धंद्याला भांडवल लागत नाही म्हणतात, ते निम्मंच खरं. कापड गिऱ्हाईकच आणून देतं. पूर्वी बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या असत्या अशा आईच्या, आजीच्या सुती साड्या. पण वेळ आपला जातो, आणि त्याचा हिशेब बायका मांडतच नाहीत. नाशिकच्या इंदिरानगरात मी आणि शेजारच्या काही जणी मिळून हे काम करतो. आमचा दर शिवणीच्या लांबीवर ठरतो.

तो असा काढायचा. साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. तिचे ९० इंचांचे दोन तुकडे निघतात आणि वर वारभर कापड उरतं, ते काठाला आणि ठिगळांना. म्हणजे दोन साड्यांत चार थरांची, एका माणसाची गोधडी. आता एकेक इंचावर धावदोरा घातला तर ४५च्या आसपास ओळी, प्रत्येक ९० इंचांची. शंभर मीटरच्या वर शिवण झाली! ‘ओळी जरा दाट घ्या हो ताई’ एवढंच गिऱ्हाईक म्हणतं, पण अर्ध्या इंचावर गेलात की काम दुप्पट. घड्याळ लावून तासभर शिवा आणि टेपने मोजा. समजा हात ताशी ५ मीटर चालला, तर नुसत्या शिवणीला वीस तास. तासाला ६० रुपये धरले तरी १,२०० रुपये. फॉल उसवणं, थर पसरून कच्चे टाके घालणं, काठ दुमडणं याचे वेगळे लावा. यावर कुणी बाजारातल्या ब्लँकेटची किंमत ऐकवली तर खुशाल ब्लँकेट घ्या म्हणावं. वाद घालू नये.

साड्या ताब्यात घेताना मात्र अजिबात घाई नको. प्रत्येक साडी गिऱ्हाइकासमोर उजेडात धरून पाहा. घडीवर विरली असेल तर दोन्ही हातांनी हलकं ताणा; चिरली तर ती आतल्या थरात जाईल हे तिथल्या तिथे सांगा. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वर कोणती साडी, खाली कोणती, पदर दिसायला हवा का, हे वहीत लिहून घ्या. आईची साडी असते ती, तिच्यावर चुकून कात्री चालली तर भरपाई कशाने करणार? उरलेले तुकडेही परत द्यायचे. रंग जातो का बघायला पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. नायलॉन, जॉर्जेट घेऊ नका, थर सरकतात आणि गोधडी पोटात गोळा होते. बाळाच्या दुपट्याला फक्त धुऊन मऊ झालेलं सुती, जरीचा भाग काढून टाकून. तो टोचतो.

निम्मे पैसे आधी घ्या. नात्यातल्यांकडूनसुद्धा. त्यांच्याकडून तर आधीच.

नाशिकला थंडी उशिरा आठवते. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की फोन सुरू होतात, आणि तेव्हा शिवायला घेतलेली गोधडी संक्रांतीआधी हाती पडत नाही. म्हणून गणपतीपासूनच ओळखीच्यांना कळवत राहा आणि दिवाळीला वही बंद करा. दुपट्यांना मात्र हंगाम नाही, ती बारा महिने चालतात.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनं लागतात, तिथे तयार गोधड्यांचा ढीग घेऊन बसण्यात मला अर्थ वाटत नाही. स्टॉलचं भाडं आधी भरायचं आणि माल परत घरी आणायचा! त्यापेक्षा एक, पाऊण आणि अर्ध्या इंचाच्या ओळींचे तीन हातभर नमुने ठेवा, प्रत्येकावर दर लिहा. लोक हात फिरवतात, फरक बोटांना कळतो, आणि ऑर्डर मिळते. कॉलेज रोडच्या दुकानांत माल ठेवायचा असेल तर कमिशन आणि पैसे कधी मिळणार हे आधी लिहून घ्या.

कागदपत्रांचं फार नाही. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकायला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. शिलाईची मजुरी ही सेवा धरली तर मर्यादा २० लाखांची, तेवढं एकदा हिशेबनिसाला विचारून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते आणि ती फुकट आहे. त्याचे कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.