एमपी५चा क्लोन घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत आपल्यापैकी ज्यांना नेमबाजीचा नाद लागतो, ते फिरून फिरून ९ मिमीच्या कार्बाइनपाशी, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस वापरणाऱ्या आखूड रायफलपाशी, येतात. काडतूस स्वस्त, धक्का कमी, बहुतेक इनडोअर रेंजवर चालते आणि यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत २०१६पासून पिस्तूल कॅलिबर कार्बाइनचा वेगळा गटही आहे. त्यात एमपी५ ही जर्मन सबमशीनगन म्हटलं की मराठी माणसाला २६/११ला मुंबईत उतरलेले एनएसजीचे कमांडो आठवतात. ती बंदूक मनात बसलेली असते. मग अस्सल जर्मन एसपी५ची, म्हणजे तिच्या नागरी आवृत्तीची, किंमत कळते आणि नजर क्लोनकडे, म्हणजे त्याच घडणीच्या इतर कंपन्यांच्या बंदुकांकडे, वळते.

क्लोन घेण्यात कमीपणा काही नाही. चांगला क्लोन वर्षानुवर्षे साथ देतो. पण तो शिक्का बघून घ्यायची वस्तू नव्हे. दुकानदाराने समोर ठेवलेली ती एक बंदूक तपासून घ्यायची असते. बहुतेक चुका हे न केल्यामुळे होतात.

सगळ्यात महाग चूक कायद्याची

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसा आहेत. फेडरल कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्ससारखे काही मोजके अपवाद आहेत. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही यातच मोडते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ग्रीन कार्डाचा अर्ज टाकून झाला, म्हणजे आता चालेल, असंही नाही. कार्ड हातात येईपर्यंत तुम्ही व्हिसावरच आहात. इमिग्रेशनची दहा वर्षांची मेहनत एका दुपारच्या हौसेपायी धोक्यात घालू नका. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

"तू सिटिझन आहेस ना, मग तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो" हे तर अजिबात नको. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि २०२२च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्राला नाही म्हणणं जड जातं, पण इथे म्हणाच.

राज्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनला १० काडतुसांची मर्यादा आहे आणि एमपी५च्या घडणीच्या बंदुका तिथल्या असॉल्ट वेपन कायद्यात सहज अडकतात. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहून टेक्सासमधल्या मित्राचं ऐकून ऑर्डर देऊ नका. आणि भारतात परतताना सोबत नेण्याचा विचार असेल, तर तो आताच सोडा. तिथे ९ मिमी हा प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही.

बॅरलचंही बघा. १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलच्या बंदुकीला खांद्याचा स्टॉक लावला की ती शॉर्ट बॅरल्ड रायफल होते. एसपी५ आणि तिचे बहुतेक क्लोन सुमारे ९ इंची बॅरलचे, म्हणून कायद्याने पिस्तूल ठरतात. स्टॉक लावायचा तर एटीएफ या फेडरल खात्याची मंजुरी आधी, स्टॉक नंतर. १ जानेवारी २०२६पासून त्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, पण मंजुरी घ्यावीच लागते. शिवाय आयात केलेल्या बंदुकीत परदेशी सुटे भाग किती चालतात, याचा ९२२(आर) हा नियम मध्ये येतो. हे सगळं नको असेल तर सरळ १६ इंची बॅरलचं मॉडेल घ्या.

"एचकेच्या लायसन्सवर बनलेली आहे"

हे वाक्य ऐकून माणसं पाकीट काढतात. ओबर्नडॉर्फच्या हेक्लर अँड कॉखने एमपी५ १९६०च्या दशकात घडवली, १९६६पासून ती जर्मन पोलिसांकडे गेली. पुढे तुर्कस्तानच्या एमकेईने आणि पाकिस्तानच्या वाह इथल्या पीओएफने ती लायसन्सवर बनवली. अमेरिकन नागरिकांसाठी एचके९४ नावाची कार्बाइन यायची, ती १९८९च्या आयातबंदीने थांबली. मागणी राहिली आणि माल आटला, त्यातून क्लोनचा बाजार वाढला. एचकेने स्वतः एसपी५ आणली ती थेट २०१९मध्ये.

लायसन्स आणि यंत्रं हा पाया झाला. तुमच्या बंदुकीचं वेल्डिंग कोणत्या हातांनी झालं, तपासणीत कोणी दुर्लक्ष केलं, हे लायसन्सवरून कळत नाही. त्यामुळे एमकेईची एपी५, पीओएफची पीओएफ-५, अमेरिकेत बनणारी पीटीआर ९सी, किंवा झेनिथची, जी आधी एमकेईचा माल आणायची आणि नंतर स्वतः बनवू लागली, यांत "कोणती कंपनी बेस्ट" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारा की आयातदार कोण, वॉरंटी कोणाची आणि किती वर्षांची, सुटे भाग अमेरिकेत मिळतात का, आणि काही बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार. एकच तुर्की बंदूक वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या आयातदाराच्या शिक्क्याने विकली गेलेली असू शकते. वापरलेली घेताना तर हे आधी बघा. आयातदाराने तो धंदाच सोडला असेल, तर वॉरंटीचा कागद कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नाही.

बोल्ट गॅप न मोजणं

माझ्या मते क्लोन घेताना होणारी ही सर्वांत मोठी चूक.

बोल्ट म्हणजे काडतुसामागून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बंद करणारा सरकता भाग. एमपी५मध्ये त्याच्या पुढच्या तुकड्याच्या, म्हणजे बोल्टहेडच्या, दोन बाजूंना दोन रोलर असतात. मागची पाचर, म्हणजे लॉकिंग पीस, त्यांना बाहेर ढकलते आणि ते ट्रनियनमधल्या (बॅरल धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यातल्या) खाचांत बसतात. गोळी सुटल्यावर दाब आधी त्या रोलरना आत रेटतो, मग बोल्ट मागे येतो. या विलंबामुळेच बंदूक इतकी मऊ चालते. बोल्ट बंद असताना बोल्टहेड आणि त्याच्या मागचा कॅरिअर यांच्यात एक बारीक फट राहते. तिचं माप ०.२५ ते ०.५० मिमी असावं लागतं. फट उरलीच नाही, तर पाचर रोलरना पुरेशी दाबत नाही आणि बोल्ट वेळेआधी उघडू लागतो.

गाडीच्या टॅपेटसाठी मिळतं तेच साधं फीलर गेज खिशात ठेवा. दुकानदाराची परवानगी घ्या. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, बोल्ट बंद करा. बंदूक उलटी धरून मॅगझिनच्या जागेतून आत बघितलं की फट दिसते. ०.२५ची पट्टी अलगद आत जायला हवी, ०.५०ची अडायला हवी. एवढंच. अर्ध्या मिनिटाच्या या मापात जाहिरातीतल्या सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त माहिती असते.

मग बोल्ट बाहेर काढून बोल्टहेडचा मागचा भाग बघा. तिथे ग्राइंडरने घासल्याची चकचकीत खूण दिसली तर बंदूक परत ठेवा. सुट्या भागांच्या किटवरून जोडलेल्या रोलरवाल्या बंदुकांत फट "आणण्यासाठी" हा उद्योग झालेला आहे. माप बरोबर येतं, पण रोलर नीट बसलेले नसतात. फट कमी असल्यावर योग्य इलाज म्हणजे थोड्या मोठ्या मापाचे रोलर, आणि ते काम गनस्मिथचं. नव्या बंदुकीत भाग एकमेकांत बसतात तसं माप थोडं बदलतं, म्हणून पहिल्या काहीशे फैरींनंतर पुन्हा मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.

बाकीची तपासणी डोळ्यांची आहे. मागून बघताना पुढची साइट एका बाजूला कललेली आहे का? कॉकिंग ट्यूब रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याच्या, सरळ रेषेत आहे का, हँडल ओढताना कुठे घासतं का? वेल्डचे टाके सलग आहेत, की मध्ये पोकळ्या दिसतात? हे सगळं ४४७३चा, म्हणजे खरेदीचा फेडरल फॉर्म भरण्याआधी. बंदूक तुमच्या नावावर झाली की दुकानदार सहसा हात वर करतो आणि पुढची वाट कंपनीकडे जाते.

एआर-९चा गोंधळ

एआर-१५ घडणीच्या रायफलची, म्हणजे एआरची, सवय असलेले लोक ९ मिमीची एआर घेतात आणि गृहीत धरतात की ५.५६ मिमीच्या एआरसारखेच सगळे भाग एकमेकांना चालतील. तसं नाही. ९ मिमीच्या एआरला सगळ्यांनी पाळावा असा एकच ठरलेला नमुना नाही. कोणी कोल्टचं मॅगझिन घेतं, कोणी ग्लॉकचं. बोल्टचं वजन आणि बफरची (मागे येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलणाऱ्या भागाची) लांबी कंपनीगणिक वेगळी. त्यातल्या बहुतेक साध्या ब्लोबॅक, म्हणजे चेंबर बंद ठेवण्याचं काम बोल्टचं वजन आणि स्प्रिंग करतात. बफर हलका किंवा आखूड असला तर बोल्ट जोरात आणि गरजेपेक्षा लांब मागे जातो, आणि परतताना त्याला मागे अडवून ठेवणाऱ्या कॅचवर आदळून कॅच मोडतो. कॅच वारंवार मोडत असेल तर नवा कॅच विकत घेत बसू नका, बफर बघा. अप्पर (वरचा अर्धा भाग) एकाचं, लोअर (खालचा) दुसऱ्याचं अशी जुळवाजुळव पहिल्याच खरेदीत तर नकोच.

रोलर नको, जुळवाजुळवही नको, अशांसाठी रुगर पीसी कार्बाइन आहे. १६ इंची बॅरल, ग्लॉकची मॅगझिनं चालतात, दोन भागांत सुटते. दिसायला साधी आहे, पण शिकणाऱ्याला मी आधी तीच सुचवेन.

अडकली तर

नवी कार्बाइन अडकली की लोक लगेच कंपनीला शिव्या घालतात. आधी मॅगझिन तपासा. प्रत्येक मॅगझिनवर मार्करने आकडा लिहा आणि कोणत्या आकड्याला काय झालं याची नोंद ठेवा. अडकणं एकाच आकड्याला होत असेल तर दोष बंदुकीचा नाही. त्यानंतर काडतूस बदला. नव्या बंदुकीची स्प्रिंग कडक असते, ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मिळमिळीत काडतुसाने बोल्ट पुरता मागे येत नाही. १२४ ग्रेनचं जरा दमदार काडतूस घालून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा हुक, आणि त्याची स्प्रिंग बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

एमपी५च्या पुंगळीवर लांबट काळ्या रेघा दिसतात, त्या बघून घाबरू नका. चेंबरला मुद्दाम उभ्या खाचा असतात. त्यांतून आलेला वायू पुंगळीला चेंबरपासून सोडवतो, त्याची ती खूण. कोणी "पॉलिश करून गुळगुळीत करून देतो" म्हणालं तर करू देऊ नका. तोंडाशी किंचित चेपलेली पुंगळीही या जातीत नेहमीची. मात्र पुंगळी मागच्या बाजूला फुगलेली किंवा फाटलेली निघाली तर गोळीबार तिथेच थांबवा.

बंदूक दुरुस्तीसाठी मालक थेट कंपनीकडे पाठवू शकतो आणि कंपनी ती थेट त्याच्याच पत्त्यावर परत करू शकते. कंपनीला आधी फोन करून पाठवण्याची पद्धत विचारा. सोबतच्या पत्रात मॅगझिनचे आकडे, काडतुसाचं नाव आणि वजन, आजवरच्या फैरी आणि दोन्ही वेळचं बोल्ट गॅपचं माप लिहा, आणि बिघडलेल्या तीन-चार पुंगळ्या पिशवीत घालून जोडा.