जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जो तो आता पेनड्राइव्ह घेऊन लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकायला बसलाय. चांगलंच आहे, माझा जुना लॅपटॉप ४ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती छान चालवतो. पण घाई नडते लोकांना.

सगळ्यात रडवणारी चूक म्हणजे "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडाला तरी चालेल." अहो, सी आणि डी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, 'इरेज डिस्क' दाबलंत की दोन्ही साफ. माझ्या देवगडच्या मावसभावाने ऐन मार्चमध्ये, हापूसच्या पेट्या भरायच्या दिवसांत, व्हिडिओ बघत बघत हेच केलं. रात्री फोन, "दादा, डी ड्राइव्ह खंय गेलो?" आठ वर्षांच्या गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, कोणाला किती डझन, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. त्याला म्हटलं आधी लॅपटॉप बंद कर, एक अक्षर डाउनलोड करू नकोस, नवीन काही आलं की ते जुन्या फाइलींच्या जागेवर बसतं. सकाळच्या एसटीने गेलो, डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, उडालेल्या फाइली शोधणारं फोटोरेक रात्रभर चालवलं. फाइली आल्या पण नावं गेलेली, नुसता एफ आणि पुढे आकडे, अशा शेकडो, एकेक उघडत बसलो दोघं. यादी मिळाली ती दोन सीझन आधीची. जुनी हार्ड डिस्क होती म्हणून एवढं तरी, एसएसडी असती तर ट्रिममुळे (त्यात पुसलेली जागा खरोखरच रिकामी केली जाते) बहुतेक तेही गेलं असतं.

म्हणून मी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतो, दुसऱ्या लॅपटॉपवर दोन-चार फाइली उघडून बघतो आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतो, इन्स्टॉल करताना लावलेली ठेवत नाही.

दुसरं, लाइट. पावसात आपल्याकडे ती कधी जाईल नेम नाही, आणि या लॅपटॉपांची बॅटरी पाच मिनिटं टिकत नाही. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, लहान-मोठं होत असताना लाइट गेली तर आतल्या डेटाचा भरवसा नाही. जून ते सप्टेंबर इन्व्हर्टरशिवाय मी हे काम हातात घेत नाही, कोणी कितीही मागे लागो.

आयएसओ, म्हणजे डाउनलोड केलेली मिंटची फाइल, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करू नका, रुफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहा. फाइल नीट उतरली का ते कळायला चेकसम तपासा, दोन मिनिटं लागतात. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड बघून घ्या, वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट वापरा, आणि वायफायचा ड्रायव्हर शोधायला मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. विंडोजही ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही सेव्हच होत नाही.