वायफायवर कोण घुसलंय आणि कोण नुसताच गोंगाट करतंय, कसं शोधायचं

वायफाय रडायला लागलं की पहिला संशय एकच, कोणीतरी आपलं नेट वापरतंय, मग पासवर्ड बदलायचा आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं. कारण चोर तीन प्रकारचे असतात. नेटवर्कमध्ये शिरलेलं अनोळखी डिव्हाइस, कोणीतरी लावलेला भलताच ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा), आणि नेटवर्कशी काही देणंघेणं नसलेली पण हवेत गोंगाट करणारी वस्तू. पासवर्ड बदलून फक्त पहिला जातो.

तर पहिल्यासाठी राउटरच्या ॲडमिन पेजवर जाऊन कनेक्टेड डिव्हाइसेसची लिस्ट काढा, किंवा एनमॅप या प्रोग्रॅमने अख्खं नेटवर्क स्कॅन करा. मॅक ॲड्रेसच्या (प्रत्येक डिव्हाइसचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांचा) पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते, पण आजकालचे फोन खोटा रँडम ॲड्रेस देतात, त्याची खूण म्हणजे ॲड्रेसमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. मी एकदा असलंच एक 'अनोळखी' डिव्हाइस मोठ्या ऐटीत ब्लॉक केलं आणि हातातलाच फोन ऑफलाइन गेला. म्हणून आधी घरातली एकेक वस्तू बंद करत जा आणि लिस्टमधली कुठली ओळ जाते ते बघा, टीव्ही, प्रिंटर, बल्ब, सगळं. ओळ लगेच गेली नाही तर घाबरू नका, काही राउटर जुनी नावं बराच वेळ दाखवत बसतात.

दुसरा प्रकार जास्त बेरकी. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये आपल्या नावाचे किती ॲक्सेस पॉइंट दिसतात आणि प्रत्येकाचा बीएसएसआयडी (म्हणजे ॲक्सेस पॉइंटचा स्वतःचा मॅक ॲड्रेस) काय ते बघा, पण स्वतःचे आधी लिहून ठेवा, कारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे वेगळे असतात आणि मेश (एकाच नावाने चालणारे बरेच ॲक्सेस पॉइंट) असेल तर आणखी. नाव आपलं पण पासवर्डच नाही असा एखादा दिसला तर तो जुळा भाऊ, म्हणजे आपल्या नावाचा तोतया, त्याला अजिबात कनेक्ट होऊ नका. सगळे सारखे सारखे डिसकनेक्ट होत असतील तर मॉनिटर मोडमध्ये (कार्ड हवेतलं सगळं वायफाय ऐकतं तो मोड) वायरशार्क हा नेटवर्कचे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम लावून डीऑथ फ्रेम्सचा, म्हणजे डिव्हाइसला नेटवर्कमधून बाहेर काढणाऱ्या संदेशांचा, पूर येतोय का बघा. डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षेमध्ये यावरचं संरक्षण सक्तीचंच आहे, जुनी डब्ल्यूपीए२ असेल तर सेटिंगमध्ये पीएमएफ (हेच संरक्षण) शोधून चालू करा.

ऑफिसात बहुतेक वेळा हॅकर वगैरे कोणी नसतो, कोणीतरी सोयीसाठी घरचा राउटर आणून टेबलाखालच्या पोर्टात खोचलेला असतो. स्विचच्या (ऑफिसच्या सगळ्या केबली जोडलेल्या डब्याच्या) मॅक टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठला मॅक ॲड्रेस आहे त्या यादीत, शोधा, त्या राउटरचा केबलकडचा ॲड्रेस बऱ्याचदा बीएसएसआयडीपेक्षा शेवटच्या एखाद्या आकड्यानेच वेगळा असतो, पोर्ट सापडला की झालं. टेबलमध्ये नाही सापडला तर सिग्नलच्या मागे चालत जा. ‑७० चं ‑५० (डीबीएम, सिग्नलच्या जोराचं माप, शून्याकडे जाईल तितका जोर जास्त) व्हायला लागलं की जवळ आलात. दिशा कळत नसेल तर लॅपटॉप छातीशी धरून जागच्या जागी सावकाश फिरा, शरीर सिग्नल अडवतं, त्यामुळे सिग्नल सगळ्यात जास्त पडतो तेव्हा ती वस्तू तुमच्या पाठीमागे असते.

आता तिसरा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. वायफाय स्कॅनर फक्त वायफाय दाखवतो. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, ब्लूटूथ त्याच बँडमध्ये ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, वायफाय न वापरणारे काही बेबी मॉनिटर, वायरलेस कॅमेरे तिथेच, आणि यातलं काहीच लिस्टमध्ये दिसत नाही. यूएसबी ३ ची हार्डडिस्कसुद्धा २.४ मध्ये आवाज करते, खराब केबल असेल तर विचारूच नका.

खरं हत्यार स्पेक्ट्रम ॲनालायझर (हवेतला सगळा रेडिओ गोंगाट दाखवणारं यंत्र), पण तो नसला तरी पिंगवर (संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) बरंच भागतं. राउटरलाच सतत पिंग लावून ठेवा (इंटरनेटवरच्या साइटला नाही, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही), आणि एकेक वस्तू चालू-बंद करा. ओव्हन चालू केल्यावर पिंग २-३ मिलिसेकंदावरून शेकड्यात गेलं आणि बंद केल्यावर परत खाली आलं, की सापडला. दोनदा तीनदा करून बघा, एकदा झालं तर योगायोग असू शकतो. ठरावीक वेळेलाच त्रास होत असेल तर वेळ लिहून ठेवा, त्यावरूनच अर्धं कळतं.

सापडल्यावर डिव्हाइस ५ गिगाहर्ट्झवर न्या, नाहीच जमलं तर २.४ मध्ये १, ६, ११ यातलाच कमी गर्दीचा चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजाऱ्याचा राउटर मोठ्याने बोलत असेल तर त्याला डीऑथ मारून पाडायचा उद्योग मात्र करू नका, सरळ जाऊन चॅनेल बदलायला सांगा.