जुनी ‘सरदारी’ तलवार घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या जुन्या बाजारात मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं आणि पात्यावर क्रूस असलेली तलवार दिसली, की आपली मंडळी लगेच ‘क्रूसेडमधली!’ म्हणतात. क्रूसेड म्हणजे मध्ययुगातली ख्रिस्ती धर्मयुद्धं, आणि त्यांत लढणारा मूळ टेम्पलर पंथ पोपने १३१२ मध्येच बरखास्त केला. तुमच्या हातातली तलवार बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, एखाद्या अमेरिकन बंधुमंडळाच्या (एकमेकांना मदत करणाऱ्या सभासदांच्या संघटनेच्या) सभासदाची असते, ओहायोच्या कोलंबस शहरात एम. सी. लिली कंपनीने किंवा मॅसॅच्युसेट्सच्या चिकोपीत एम्स कंपनीने बनवलेली. मिरवणुकीची, धार नाहीच, म्हणून लावायलाही जाऊ नका.

विक्रेत्याची दुसरी थाप म्हणजे ‘अमेरिकन यादवी युद्धातली आहे’. ते युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्यानंतर तिथे बंधुमंडळांचं पेवच फुटलं. कारकून, दुकानदार वर्गणी भरून सभासद होत, आजारपणात मदत मिळे, आणि रविवारी पिसांची टोपी घालून सरदारासारखं मिरवता येई. (हौसेला मोल नाही ते असं.) तलवार कोणत्या मंडळाची, याची खूण अक्षरांत असते. एफ, सी, बी असेल तर १८६४ मध्ये वॉशिंग्टनला निघालेलं नाइट्स ऑफ पिथियस. तीन कड्या आणि एफ, एल, टी असेल तर ऑड फेलोज.

मूठ पांढरी असली की ती हस्तिदंताची का, हे बघायला काही जण तापलेली सुई टोचतात. कृपा करून नको! सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) निघालं तर भडकन पेट घेतं. त्यापेक्षा भिंगातून बघा: हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. तशा दिसल्या तर ती भारतात आणायचा विचार सोडा, कायद्याने बंदी आहे.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घासणं. पात्यावरची नक्षी आम्लाने अगदी उथळ उठवलेली असते आणि पुष्कळदा तिच्यातच मालकाचं नाव असतं. चिंच, पितांबरी, पॉलिश पेपर, सगळं लांब ठेवा. मऊ सुती कापड आणि खनिज तेलाचा पुसट हात पुरे. पात्याला उघडा हात लावू नका, घामाने बोटांचे ठसे गंजतात. नाव शाबूत असेल तर गावातल्या जुन्या सभासद-याद्यांत माणूस सापडू शकतो. मी हौसेने चकाकवलेल्या पात्यावर आता फक्त ‘विल्यम’ उरलाय, आडनाव फडक्यावर गेलं.