नदीकाठची पाहणी: पहिल्या अहवालात माझं काय चुकलं

"प्रकल्पक्षेत्रात मगर आढळली नाही." माझ्या पहिल्या अहवालातलं हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. कोकणातल्या एका नदीवर गाळ काढायचं आणि पूरसंरक्षक भिंत बांधायचं काम होतं. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून मी नुकतीच एका सल्लागार कंपनीत लागले होते; काम सुरू होण्याआधी तिथले प्राणी आणि वनस्पती पाहून अहवाल द्यायचा, हे आमचं काम. पाहणीला मे महिन्यातले तीन दिवस मिळाले, तेही सकाळी दहा ते चार. आम्ही काठाकाठाने चाललो, फोटो काढले, याद्या केल्या. पुढे डिसेंबरात दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले आणि सकाळी नऊच्या सुमाराला पुलावर थांबले. भिंतीची आखणी जिथून जात होती त्याच मातीच्या उतारावर एक मगर जबडा उघडून ऊन खात पडली होती. बाजूला बाया धुणं धूत होत्या. त्यांना ती रोजची होती.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना सगळ्यात आधी हे सांगते. 'आढळलं नाही' लिहायचं असेल तर त्याच ओळीत कधी, किती वेळ आणि कसं शोधलं तेही लिहा. "मे महिना, तीन दिवस, फक्त दिवसा, पायी चार किलोमीटर, मगर दिसली नाही, रात्रीची पाहणी केलेली नाही." एवढं लिहिलं असतं तरी वाचणाऱ्याला कळलं असतं की प्रश्न अजून सुटलेला नाही.

नदीच्या कामात ऋतूचा पेच फार मोठा आहे. पाऊस ओसरला की यंत्रं पात्रात उतरतात आणि मेअखेर काम आटपायची घाई असते. नेमक्या याच महिन्यांत नदीचं घर भरलेलं असतं. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. देशावरच्या नद्यांत नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. ती वाळूत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नकाशावर ते बेट म्हणजे 'काढायचा गाळ' असतं. आणि पर्यावरण आघात मूल्यांकनासाठी, म्हणजे प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल ते तपासण्यासाठी, पुष्कळदा एकाच ऋतूची, तीही पावसाळा सोडून केलेली पाहणी मागितली जाते. तेवढ्यावर भागवू नका. मगरी मोजायच्या तर थंडीतल्या उन्हाच्या वेळी, आणि वनखात्याची परवानगी घेऊन रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणाऱ्या डोळ्यांवरून. खडकांवर शेवाळासारख्या चिकटून वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती पाहायच्या तर पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागतं तेव्हा, कारण त्या तेव्हाच फुलतात. मे महिन्यात त्याच खडकावर नुसती काळपट खपली उरते.

प्रत्येक नदीचं घड्याळही वेगळं. कोयनेचं पाणी वीजनिर्मिती झाल्यावर वाशिष्ठीत सोडलं जातं, म्हणून वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहते आणि तिची पातळी वीजनिर्मितीच्या वेळांप्रमाणे वरखाली होते. चिपळूणच्या खाली त्यात भरती-ओहोटीची भर. चिखलातला ठसा तिथे काही तासच टिकतो. पाणी उतरल्यावर लगेच काठावर पोचलात तर सगळं लिहिलेलं सापडतं, उशीर केलात तर पाटी कोरी.

हे ठसे वाचायला मला एका भोईकाकांनी शिकवलं. "ताई, उन्हात काय शोधताय? पाणी उतरलं की या," म्हणाले. पहाटे त्यांनी एका सपाट खडकावर नेलं. वर काळसर, ओलसर विष्ठा होती. काडीने उकलली तर आत माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे, वास थेट मासळीबाजाराचा. पाणमांजर! आदल्या दिवशी त्याच गावात मी "उदमांजर आहे का?" असं विचारलं होतं आणि लोकांनी झाडावर चढणारं, फळं खाणारं जनावर सांगितलं होतं. नावांचा हा घोळ सगळीकडे आहे. कुणी मगरीलाच सुसर म्हणतं आणि नवखा माणूस अहवालात घडियाल, म्हणजे लांब-अरुंद तोंडाची वेगळीच जात, लिहून मोकळा होतो. म्हणून नाव विचारू नका, काय खातं, कुठे बसतं, जाळं कसं फाडतं ते विचारा. छायाचित्रं शेवटी दाखवा. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. त्यात गावाने वापरलेली नावं घाला. लॅटिन नावांची यादी वाचून कुणीही उठून "अहो, हे तर आमच्या डोहात आहे" असं म्हणणार नाही.

कायदा समोर ठेवाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 च्या दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 2023 पासून त्याच्या अनुसूचींची, म्हणजे संरक्षित जीवांच्या याद्यांची, रचना बदलली, त्यामुळे जुन्या अहवालातली अनुसूची उचलून डकवू नका. मगर पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिला किंवा तिच्या अंड्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही, 'फक्त मोजायला' म्हणूनही नाही. खाडीच्या तोंडाशी काम असेल तर 2019 ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना वाचा: खारफुटी 1000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षणात येतो.

पण वनस्पतींच्या बाबतीत कायद्याची यादी फारच तोकडी आहे, आणि हे मला मनापासून खटकतं. शेरणीचं उदाहरण घ्या. पात्रातल्या दगडगोट्यांत वाढणारं हे झुडूप, पुरात आडवं होतं, पण उपटत नाही. मुळांनी काठ धरून ठेवतं. वृक्षगणना होते ती छातीच्या उंचीवरच्या घेराने. शेरणी झाड नाही, म्हणून तिची गणना नाही, म्हणून ती अहवालात नाही, म्हणून पोकलेनच्या पहिल्या फेरीत ती जाते. अशा झुडपांचे पट्टे नकाशावर लांबीनिशी दाखवा. ओळख पटत नसेल तर नमुना दाबून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जुळवून पाहा, अंदाजाने नाव ठोकू नका.

ही पाहणी काम अडवण्यासाठी असते असं मला वाटत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी भरलं, त्यांना भिंत आणि मोकळं पात्र हवं असणारच. प्रश्न असतो तो कुठे, कधी आणि कसं याचा. त्याचं उत्तर आपण आकड्यात दिलं पाहिजे, हे मला एका साइट इंजिनिअरने शिकवलं. माझी शिफारस होती, "संवेदनशील भागात काम शक्यतो टाळावे." ते म्हणाले, "मॅडम, 'शक्यतो' ने माझं ड्रॉइंग बदलत नाही. कुठून कुठे ते सांगा."

मी टेप घेऊन परत काठावर गेले. नवीन शिफारस अशी झाली (चेनेज म्हणजे आखणीच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर): "डावा काठ, चेनेज 1240 ते 1310 मीटर: उभी भिंत नको, मातीचा उतार आहे तसा ठेवावा, फेब्रुवारी ते जून या पट्ट्यात यंत्र उतरवू नये." त्यांनी ड्रॉइंग पसरलं, पट्टी लावली आणि तेवढ्या भागावरची भिंतीची रेघ खोडली.